बेटापलीकडची हद्द

कोल्हापूर सोडून राधानगरीच्या रस्त्याला लागले की प्रथम दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागतात. पुढे भोगावती नदीवरचे, राजर्षी शाहू महाराजांनी उभारणीस घेतलेले धरण येते, आणि त्याच्या विस्तीर्ण जलाशयाच्या काठाकाठाने रस्ता दाजीपूरच्या गव्यांच्या रानात शिरतो. फोंडा घाट उतरताना हवा बदलते, मातीचा रंग बदलतो आणि घरांचे रूपही बदलते. काळ्या रानातून आलेला प्रवासी तांबड्या जांभ्या मुलखात येऊन पोहोचतो. कणकवलीवरून कुडाळकडे जाताना चिऱ्यांच्या भिंती, उतरती कौलारू छपरे, अंगणातील तुळशीवृंदावन, आणि बहुतेक प्रत्येक घराच्या मागच्या अंगाला वाऱ्यावर डुलणारे बांबूचे बेट दिसू लागते.

सिंधुदुर्गातील हा बांबू बहुतांशी माणगा जातीचा. काटेरी कळकासारखा तो अंगावर येत नाही. त्याला काटे नसतात, आणि त्याची काठी जवळजवळ भरीव असते. म्हणूनच मांडवाच्या खांबापासून आंबे उतरवण्याच्या लांब काठीपर्यंत सारे काही त्यातून निघते. सूप, रोवळी, टोपली, कणगी, पावसातले इरले, चतुर्थीला गणपतीवर टांगायची माटवी, यांतील एकही वस्तू पूर्वी बाजारातून आणावी लागत नसे. परसातले बेट म्हणजे कोकणी कुटुंबाची न मोडता ठेवलेली ठेव होती. मूळ शाबूत राहते, आणि दरवर्षी व्याजापुरत्या चार काठ्या काढाव्यात.

अशा एका बेटासह एक जुने घर इचलकरंजीच्या एका जैन कुटुंबाने विकत घेतले. पिढीजात धंदा सुताच्या व्यापाराचा, आणि शिरोळ तालुक्यात वडिलोपार्जित थोडी शेती. धाकट्या मुलाने काही वर्षांपासून काजूची खरेदी सुरू केली होती, आणि हंगामात त्याला कुडाळ परिसरात दोन-दोन महिने राहावे लागे. खोली भाड्याने मिळे, परंतु सूर्यास्तापूर्वी जेवण आणि कंदमुळाविना स्वयंपाक ही घडी परगावी बसत नसे. शेवटी घरातील सर्वांनी ठरवले की लहानसे का होईना, स्वतःच्या स्वयंपाकघराचे एक घर तिकडे असावे. चौकशी करता करता कुडाळ तालुक्यातील एका वाडीत हे घर असल्याचे कळले.

पौषातील एका सकाळी मुलाचे वडील, ज्यांना घरात आणि पेठेत सारे अण्णा म्हणतात, पत्नी व मुलासह घर पाहण्यास गेले. घराची मालकीण सत्तरी ओलांडलेली विधवा होती. सारी वाडी तिला काकी म्हणे. मुलगा मुंबईत नोकरीला, आणि त्याने आईला आपल्याकडे बोलावून घेण्याचा निर्णय घेतलेला. घर बसके पण भक्कम. पुढे सारवलेले खळे, मग ओटी, माजघर, देवघर आणि मागची पडवी. पडवीतून बाहेर पडले की नारळाची पाच झाडे, एक फणस, आणि अगदी मागे काट्याकुट्यांच्या वईला लागून ते बेट. शे-सव्वाशे काठ्या एकमेकींना बिलगून उभ्या होत्या. वारा आला की आतून दारे करकरावीत तसा आवाज येई.

पाहुणे दिवस मावळण्यापूर्वी जेवतात हे मुलाने आधीच सांगून ठेवले होते. काकींनी चार वाजताच तांदळाचे घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी केली. बोलता बोलता त्यांनी पावसाळ्यात निघणाऱ्या बांबूच्या कोवळ्या कोंबांच्या भाजीची वाखाणणी केली, तेव्हा अण्णांच्या पत्नीने हसून हात जोडले. बांबूचा कोवळा कोंब बत्तीस अनंतकायांच्या यादीत येतो, एका कोंबात अनंत जीव मानलेले आहेत, म्हणून तो आपल्याला वर्ज्य, असे त्यांनी समजावून सांगितले. काकींना ते नवे होते. क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "मगे बेट तुमच्या हातात सुखरूप रवात."

मात्र बेट सुखरूप ठेवावे असे सर्वांचे मत नव्हते. दुरुस्तीचा अंदाज देण्यास आलेल्या गवंड्याने पहिला सल्ला दिला तो यंत्र लावून बेट मुळासकट उपटण्याचा. पाने कौलांवर पडून पन्हळी तुंबतात, सापाकिरड्याला आसरा होतो, मुळे पायात शिरतात, अशी कारणे त्याने सांगितली. दुसऱ्या कोणी बेट पेटवून द्यावे असे सुचवले. या भीतीत थोडे तथ्य आहे आणि थोडा गैरसमज. बांबू हा वृक्ष नव्हे, ते गवताच्या कुळातील आहे. काही परदेशी जातींचे भूमिगत खोड जमिनीखालून दूरवर धावते, आणि त्या जाती घराजवळ खरोखरच त्रासदायक ठरतात. आपल्याकडील माणगा, कळक यांचे खोड आखूड असते. ते जागच्या जागी वाकडेतिकडे वळत एकात एक गुंतते, आणि नवा कोंब जुन्या काठीच्या लगत बाहेरच्या कडेने उगवतो. बेट दरवर्षी थोडेथोडे रुंदावते, पण ते अंगण ओलांडून पळत नाही. भिंतीपासून पुरेसे अंतर असले आणि छपरावर रेलणाऱ्या काठ्या वेळच्या वेळी काढल्या, तर घराला धोका नसतो. या घरात ते अंतर पंधरा-वीस पावलांचे होते.

बांबू असलेले घर घेताना आणखी दोन गोष्टी विचारून घ्याव्यात. पहिली, बेट फुलले होते का. बांबूच्या अनेक जाती आयुष्यात एकदाच, कित्येक दशकांनी, एकाच वेळी फुलतात आणि बी धरून मरून जातात. मिझोराममध्ये सुमारे ४८ वर्षांनी येणाऱ्या अशा बहरानंतर उंदरांची संख्या बेसुमार वाढते. १९५९ च्या सुमारास तेथे पडलेला दुष्काळ त्यातूनच ओढवला होता. माणग्याच्या बाबतीत सारी बेटे एकदम फुलत नाहीत, एखादे बेट अधूनमधून फुलते, म्हणून ही चिंता कमी. दुसरी गोष्ट, काठ्या कशा काढल्या जातात. बांबूची काठी पहिल्याच पावसाळ्यात पूर्ण उंची व जाडी गाठते. पुढे ती वाढत नाही, फक्त टणक होते. तिला पक्व होण्यास तीन-चार वर्षे लागतात. जाणता माणूस पावसाळा संपल्यावर केवळ जुन्या काठ्या काढतो आणि नव्यांना हात लावत नाही. तसे केले की बेट पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि काठीला किडाही कमी लागतो. निष्कारण झाडझाडोरा तोडणे, माती उकरणे, आग लावणे हा श्रावकासाठी अनर्थदंड होय, हे अण्णांनी लहानपणापासून ऐकलेले. गवंड्याला त्यांनी एवढेच सांगितले, की पन्हळी वर्षातून दोनदा साफ करू, बेट राहील.

त्यानंतर कागद पाहण्याचे काम सुरू झाले. घर शेतजमिनीवर उभे होते. महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घेण्यास १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याची आडकाठी येते. शिरोळच्या सातबाऱ्यामुळे ती अडचण नव्हती. बांबूविषयीची जुनी अडचणही आता उरलेली नाही. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात बांबूची गणना वृक्षात होत असे. २०१७ च्या दुरुस्तीने त्या व्याख्येतून बांबू वगळला, आणि खासगी जमिनीतील बांबू तोडण्यासाठी व नेण्यासाठी त्या कायद्याखालच्या वृक्षतोड व वाहतूक परवान्याचे ओझे दूर झाले. सातबाऱ्यावरील 'इतर हक्क' हा रकाना रिकामा होता. कोकणात ज्याची नेहमी धास्ती असते ती सहहिस्सेदारांची लांबलचक यादीही नव्हती. नावे केवळ काकी आणि त्यांच्या मुलाची होती.

एकच आकडा खटकत होता. सातबाऱ्यावर क्षेत्र १४ आर, म्हणजे जवळजवळ चौदा गुंठे. प्रत्यक्षात वईच्या आत अकरा गुंठ्यांहून अधिक जागा भरत नव्हती. काकींना त्याचे आश्चर्य वाटले नाही. मागे व्हाळ आहे, एका मोठ्या पुरात त्याने काठ ढासळवला, तीन गुंठे त्याने खाल्ले, असे त्यांनी सांगितले. वाडीतील जाणत्यांनीही तेच सांगितले. व्यवहार अकरा गुंठ्यांच्या हिशेबाने ठरला. विसाराची रक्कम दिली गेली, आणि खरेदीपूर्वी रीतसर मोजणी करून घ्यावी असे ठरले. अर्ज काकींच्या नावाचा, फी अण्णांची, आणि धावपळ धाकट्या मुलाची.

मोजणीचा दिवस चैत्रात आला. भूमी अभिलेख कार्यालयाचे मोजणीदार यंत्र घेऊन आले. तीन बाजूंच्या हद्दी विनातक्रार जुळल्या. चौथ्या बाजूला यंत्राची खूण वईवर थांबेना. ती बेटाच्या पलीकडे जात होती. दोन गड्यांनी वाळलेल्या काठ्या बाजूला सारून वाट केली. बेटाच्या मागे, जेथे वर्षानुवर्षे कोणी गेले नव्हते, तेथे ढोपरभर पाचोळा साचला होता. पाचोळा हातांनी सावकाश दूर करताच हद्दीचा जुना दगड निघाला. त्याच्या पलीकडे चार पावलांवर व्हाळाचा उतार होता. व्हाळाने जमीन खाल्लेलीच नव्हती. पुरानंतर कोणीतरी काठावर बांबू लावला होता. त्याच्या मुळांनी माती धरून ठेवली, बेट रुंदावत गेले, पलीकडे जाणे अवघड झाले, आणि सोयीसाठी वई अलीकडे घातली गेली. पुढल्या पिढीने वईलाच हद्द मानले. तीन गुंठे बेटाखाली आणि बेटामागे जसेच्या तसे होते. उन्हामुळे काकी त्या वेळी घरातच होत्या, माणसांसाठी कोकमाचे सरबत करीत होत्या.

काही आठवड्यांनी मोजणीच्या नकाशाची प्रत मुलाच्या हाती आली. काकींनी फोनवर विचारले, तेव्हा तो म्हणाला, मोजणी बरोबर आली. ते खोटे नव्हते. नकाशा सातबाऱ्याशी तंतोतंत जुळत होता. मध्यस्थाने तर पुढचा मार्गही आखून दिला. खरेदीखत गट क्रमांकावर होते, त्यात १४ आर लिहिले जाणारच. किंमत दोन्ही पक्षांनी राजीखुशीने ठरवलेली आहे. त्याच्या शब्दांत सांगायचे तर, कागद बोलतो आहे, आपण कशाला बोलायचे?

तीन गुंठ्यांचे मोल त्या कुटुंबाला क्षुल्लक नव्हते. काजूच्या गोदामाची वाढ त्याच वर्षी करायची होती, आणि शिल्लक मोजकी होती. मुलाने दुकानाच्या गादीवर बसून वडिलांपुढे हिशेब मांडला. त्याचे म्हणणे अगदीच अविचारी नव्हते. जमीन सापडली ती आपण फी भरून केलेल्या मोजणीमुळे. काकींनी सौदा अकरा गुंठ्यांवर पूर्ण समाधानाने केला आहे. आपण एक शब्दही असत्य बोललेलो नाही.

अण्णांनी प्रथम वकिलांना विचारले. वकिलांनी १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाचे कलम ५५ काढून दाखवले. विकणाऱ्याने मालमत्तेतील व हक्कातील दोष सांगावेत हे सर्वांना ठाऊक असते. घेणाऱ्यावरही एक बंधन आहे, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. विकणाऱ्याच्या हक्काच्या स्वरूपाविषयी किंवा व्याप्तीविषयी एखादी गोष्ट घेणाऱ्यास माहीत असेल, विकणाऱ्यास ती माहीत नसावी असे मानण्यास कारण असेल, आणि तिच्यामुळे त्या हक्काचे मोल बरेच वाढत असेल, तर ती गोष्ट सांगणे हे घेणाऱ्याचे कर्तव्य आहे. सांगितले नाही तर काय, या मुलाच्या प्रश्नावर वकील म्हणाले, की काकी कोर्टात जातील असे वाटत नाही. म्हणजे कायदा स्पष्ट होता, आणि तो मोडल्याचे कोणास कधी कळण्याचा संभव नव्हता.

त्या रात्री प्रतिक्रमणानंतर अण्णांच्या पत्नीने विषय काढला. त्या फारशा शिकलेल्या नाहीत, पण भाद्रपदातील दशलक्षण पर्वाची प्रवचने चुकवत नाहीत. त्या मुलाला म्हणाल्या, "तू खोटं बोलला नाहीस, हे खरं. पण दहा धर्मांत उत्तम सत्य वेगळं सांगितलंय आणि उत्तम आर्जव वेगळं. नुसतं खरं बोलून भागलं असतं, तर दोन कशाला सांगितले असते?"

अण्णांना तेव्हा एक जुनी उपमा आठवली. आचार्य नेमिचंद्रांच्या 'गोम्मटसारा'त चारही कषायांच्या तीव्रतेला उपमा दिलेल्या आहेत. मायेच्या, म्हणजे कपटाच्या, चार पायऱ्या तेथे वाकडेपणाच्या चार प्रकारांनी दाखवल्या आहेत. मेंढ्याचे शिंग, चालत्या बैलाच्या मूत्राची नागमोडी रेघ आणि खुरपे हे त्यांतील तीन. श्वेतांबर आगमांत खुरप्याच्या जागी बांबूचे सोललेले सालपट येते. ते वळलेले असते, पण हाताने सहज सरळ होते. सर्वांत तीव्र, जन्मोजन्मी पाठ न सोडणाऱ्या अनंतानुबंधी मायेला मात्र दोन्ही परंपरांत एकच उपमा आहे, ती बांबूच्या मुळाची. जमिनीखाली एकात एक गुंतलेले ते मूळ कितीही प्रयत्न केला तरी सरळ करता येत नाही. अण्णा मुलाला एवढेच म्हणाले, "आज ते सालपट आहे. खरेदीखतावर सही झाली की मूळ होईल."

मुलगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच गाडी काढली.

काकी ओटीवर बसल्या होत्या. मुलाने नकाशा त्यांच्यापुढे पसरला, वई दाखवली, बेट दाखवले, दगड दाखवला. मोजणी बरोबर आली असे सांगितले, तेव्हा हे सांगायचे राहिले नव्हते, सांगितले नव्हते, हेही त्याने मान खाली घालून सांगितले. काकींना नकाशा वाचता येत नव्हता. त्या उठल्या, काठी टेकत परसात गेल्या आणि गड्यांनी केलेल्या वाटेने बेटाच्या मागे जाऊन त्या दगडाजवळ उभ्या राहिल्या. त्यांच्या सासऱ्यांनी पुरानंतर ते बेट लावले होते. बेट जमीन धरून ठेवील, व्हाळाला देणार नाही, असे ते म्हणत. नव्या सुनेने ते ऐकले होते. पुढे संसाराच्या धबडग्यात ते विसरून गेले, आणि वाडीने सांगितलेली व्हाळाची गोष्टच खरी होऊन बसली. बराच वेळ त्या दगडाकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मामंजी खरांच सांगी होते."

शास्त्रकारांनी ज्या मुळाचा वाकडेपणा दाखला म्हणून वापरला, त्याच मुळाने एका विधवेची तीन गुंठे जमीन कित्येक वर्षे सांभाळली होती. मुळाच्या ठायी कपट नसते. ते त्याच्या स्वभावाप्रमाणे वळते आणि माती धरते. उपमा आहे ती माणसासाठी.

खरेदीखत ज्येष्ठ लागण्यापूर्वी नोंदले गेले. किंमत चौदा गुंठ्यांची दिली, त्या प्रमाणात मुद्रांक शुल्कही वाढले, आणि गोदामाची वाढ एक वर्ष पुढे गेली. मध्यस्थाला वाढीव रकमेवर वाढीव दलाली मिळाली, हा त्याच्या दृष्टीने अनपेक्षित लाभ. मुंबईहून सहीसाठी आलेल्या काकींच्या मुलाने थोडी किंमत कमी करण्याची तयारी दाखवली. अण्णांनी ती नाकारली, कारण दर आधीच ठरलेला होता आणि बदलले होते ते केवळ क्षेत्र. काकींनी एकच गोष्ट मागितली. वाडीत राहणाऱ्या त्यांच्या पुतण्याला दरवर्षी चतुर्थीच्या माटवीसाठी या बेटातील दोन जुन्या काठ्या मिळाव्यात. वकील म्हणाले, हे खरेदीखतात घालण्याची आवश्यकता नाही, तोंडी पुरे. अण्णांनी ते लिहून घ्यायला लावले.

त्या वर्षी पाऊस वेळेवर आला. व्हाळ दुथडी भरून वाहिला, आणि बेटाच्या पलीकडचा उतार जागचा हलला नाही. आषाढात बेटाच्या बाहेरच्या कडेने, हद्दीच्या दगडाच्या दिशेला, सात नवे कोंब वर आले. त्यांना कोणी हात लावला नाही. भाद्रपदात मुलगा काठ्या काढून द्यायला मुद्दाम कुडाळला गेला होता. परतल्यावर आईने त्याला पहिला प्रश्न बेटाचा विचारला. सातही कोंब आता कौलांच्या वर गेले आहेत, असे त्याने सांगितले. दगडाभोवतीचा पाचोळा पुन्हा साचला होता, तो बाजूला करून आलो, हेही त्याने सांगितले.